राजीनाम्यावर सही करण्याआधी : अपंगत्वामुळे नोकरी सुटताना आरोग्य विम्याची सोय कशी लावाल

टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीतल्या मुलीने दादाचं लॅमिनेट केलेलं मेडिक्लेम कार्ड उलटसुलट करून पाहिलं, नंबर पुन्हा टाकला आणि मॉनिटर आमच्याकडे वळवला. दादाचं नाव बावीस दिवसांपूर्वीच पॉलिसीतून कमी झालं होतं. वहिनीने पर्समधून कंपनीचं जुनं ओळखपत्र काढून काचेखालून पुढे सरकवलं. मुलीने ते हळूच परत केलं.

दादाला सत्तेचाळिसाव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. भोसरीतल्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं नोकरी झाली होती. रजा संपल्यावर एचआरने टाईप करून ठेवलेल्या राजीनाम्यावर त्याने डाव्या हाताने सही केली. उजवा चालत नव्हता. कागदावर कारण होतं 'वैयक्तिक'. त्या एका शब्दाने आणि सहीच्या घाईने आमचं काय काय गेलं, ते पुढच्या वर्षभरात कळत गेलं. तुमच्या घरात असा प्रसंग आला असेल आणि सही अजून व्हायची असेल, तर हा लेख आधी वाचा. सही झाली असली तरी वाचा, बरंच काही अजून हातात असतं.

सही थांबवा, आधी कागद गोळा करा

विम्याचे बहुतेक हक्क नोकरीच्या शेवटच्या दिवसाला बांधलेले असतात. त्या दिवसाआधी मागितलं तर मिळतं, नंतर मागितलं तर 'आता तुम्ही सदस्य नाही' असं उत्तर येतं. म्हणून शेवटचा दिवस जितका पुढे नेता येईल तितका न्या. शिल्लक रजा, आजारपणाची रजा, शेवटी बिनपगारी रजा, सगळं वापरा. तुम्ही हजेरीपटावर आहात तोवर ग्रुप मेडिक्लेममध्ये नाव सहसा राहतं. तरी बिनपगारी रजेत कव्हर चालू राहतं का, हे एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या.

सरकारी किंवा निमसरकारी आस्थापनेत असाल तर आधी राजीनाम्याचा विचारच सोडा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढून टाकू शकत नाही किंवा खालच्या पदावर नेऊ शकत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादाचं, पद निर्माण करायचं, असं कायदा सांगतो. खासगी कंपनीवर हे बंधन नाही. तरी हलकं काम लेखी मागून पाहा. मिळालं तर विमाही टिकतो.

नोकरी सोडणं अटळच असेल तर पत्रात खरं कारण लिहा. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द चुकूनही नकोत. साधारण असा मजकूर पुरतो : 'दिनांक अमुक रोजी आलेल्या अर्धांगवायूच्या झटक्यामुळे मला कायमचे अपंगत्व आले असून, सध्याचे काम करण्यास मी असमर्थ आहे. या कारणामुळे माझी सेवा समाप्त करावी. सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे.' या मजकुरावर पैसे अवलंबून असतात. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांच्या सेवेची अट असते, पण अपंगत्वामुळे नोकरी संपली तर ती लागत नाही. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्ये नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पेन्शन बसू शकते. त्यासाठी फॉर्म १०-डी भरावा लागतो आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालय वैद्यकीय तपासणी करून घेतं. विम्याच्या लेखात हे सांगायचं कारण असं की पुढचे प्रीमियम याच पैशांतून भरायचे असतात.

अपघाताने अपंगत्व आलं असेल तर आणखी एक गोष्ट विचारा. बऱ्याच कंपन्या कामगारांसाठी ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसीही काढतात आणि कामगाराला ती माहीत नसते. अपघात कारखान्याच्या बाहेर झाला असला तरी त्यातून अपंगत्वाची रक्कम मिळू शकते. दावा कळवायला मुदत असते, म्हणून हे पहिल्याच आठवड्यात विचारा.

दिव्यांग दाखला : याच्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही

सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करा आणि जिल्हा रुग्णालयाच्या तपासणीची तारीख घ्या. पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय आणि ससून इथे ही तपासणी होते. कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात. तपासणीला जाताना डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा अहवाल आणि फिजिओथेरपीच्या नोंदी बरोबर न्या. झटक्यानंतर काही महिने सुधारणा होत राहते, म्हणून डॉक्टर कधीकधी थांबायला सांगतात किंवा तात्पुरता दाखला देतात. तात्पुरता मिळाला तरी घ्या. त्यावर मुदत लिहिलेली असते, ती कॅलेंडरवर टिपून ठेवा.

ईएसआय कापला जात होता का? मग हे आधी वाचा

पगाराच्या स्लिपवर ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची, ०.७५ टक्के कपात दिसत असेल तर तुमच्या हातात बरंच काही आहे. ही योजना महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना लागू होते. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० आहे.

नोकरी सुटली त्याच दिवशी ईएसआय संपतो, हा गैरसमज मी कितीतरी घरांत पाहिला. वर्गणीचे दोन सहामाही काळ असतात आणि प्रत्येकाचा लाभ पुढच्या सहामाहीत मिळतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जून, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. समजा कोणी ऑगस्टअखेर नोकरी सोडली आणि एप्रिलपासून किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली आहे, तर पुढच्या जूनअखेरपर्यंत दवाखाना चालू राहतो. शाखा कार्यालयात जाऊन आपली शेवटची पात्रता तारीख छापून घ्या.

नोकरी सोडण्याआधी दोन गोष्टी पाहा. कर्करोग, क्षयरोग, अर्धांगवायू यांसारखा दीर्घ आजार असेल तर विस्तारित आजारपण लाभ मिळतो. पगाराच्या ८० टक्के रक्कम आणि उपचार, आणि तो काळ दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी लागते. हा लाभ घेत असताना राजीनामा देण्याची घाई करू नका.

त्यानंतर अपंगत्व कशामुळे आलं यावर वाट बदलते. कामावरच्या दुखापतीने कायमचं अपंगत्व आलं असेल तर महिना १० रुपयांप्रमाणे वर्षाचे १२० रुपये एकदम भरून तुम्हाला आणि जोडीदाराला निवृत्तीच्या वयाच्या तारखेपर्यंत उपचार मिळत राहतात. आकडा वाचून विश्वास बसत नाही, पण नियम तोच आहे. पैसे दरवर्षी आगाऊ भरायचे असतात. अपंगत्व कामाबाहेरच्या कारणाने आलं, ते कायमचं आणि किमान ४० टक्के असेल आणि दोन वर्षांचा विमा झाला असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना पाहा. तिच्यात पहिलं वर्ष पगाराच्या ५० टक्के, दुसरं वर्ष २५ टक्के भत्ता मिळतो आणि तेवढा काळ कुटुंबासह दवाखानाही. इथेही राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' असेल तर कारकून कागद परत करतो.

ग्रुप मेडिक्लेम असेल तर : आमची चूक इथेच झाली

कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा मार्ग असतो. याला मायग्रेशन म्हणतात. यात ग्रुप पॉलिसीत काढलेली वर्षं वाया जात नाहीत. आधीपासूनच्या आजारांसाठी आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचा दावा मिळत नाही असा काळ, लावता येतो. ग्रुपमध्ये तुमचे सलग २४ महिने झाले असतील तर उरलेले १२ महिनेच थांबायचं. तीन वर्षांहून जास्त झाली असतील तर थांबायची गरजच नाही. ज्याला नुकताच झटका येऊन गेला त्याच्यासाठी याचं मोल किती आहे, ते वेगळं सांगायला नको.

पण ही सूट आपोआप मिळत नाही. शेवटच्या दिवसाच्या किमान ३० दिवस आधी विमा कंपनीकडे अर्ज करा. एचआरमधून फिरवत बसू नका, थेट विमा कंपनीला पाठवा आणि पोच घ्या. त्यासाठी एचआरकडून ही माहिती ईमेलवर मागा : विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, तुमचा सदस्य क्रमांक, तुम्ही पॉलिसीत पहिल्यांदा कधी आलात ती तारीख, दरवर्षीची विमा रक्कम, आजवरचे दावे आणि कव्हर नेमकं कोणत्या तारखेला संपणार. ही शेवटची तारीख फार महत्त्वाची. काही कंपन्यांत ती शेवटचा कामाचा दिवस असते, काहींत महिनाअखेर. एकोणीस वर्षांत दादाची विमा कंपनी तीनदा बदलली होती आणि जुन्या पॉलिसींची नोंद कोणाकडेच धड नव्हती. तुमच्याकडे जुनी ई-कार्डं असतील तर जपून ठेवा, तीही पुरावा होतात.

एक गोष्ट स्पष्ट माहीत असू द्या. ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत येताना विमा कंपनी तुमची प्रकृती तपासू शकते, जास्त प्रीमियम लावू शकते, नाहीही म्हणू शकते. तरीही अर्ज कराच, कारण घरातल्या धडधाकट माणसांना तरी ती वर्षं मिळतात. आणि मिळालेली सूट जुन्या विमा रकमेपुरतीच असते. ग्रुपमध्ये ३ लाखांचं कव्हर होतं आणि आता १० लाखांचं घेतलंत, तर वरच्या ७ लाखांना वेटिंग पिरियड नव्याने सुरू होतो.

घरात दुसरं कोणी नोकरी करतं का?

वहिनीला त्याच सुमारास एका छोट्या कंपनीत काम लागलं आणि ईएसआय सुरू झाला. कुटुंबात पती येतोच, त्यामुळे दादाचं नाव तिच्या कार्डावर चढलं. झटका आधीच येऊन गेला आहे का, हे कोणी विचारलं नाही, कारण ईएसआयमध्ये जुन्या आजाराचा प्रश्न नसतो. आज त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि तपासण्या बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयातून होतात. जोडीदाराच्या कंपनीत ग्रुप मेडिक्लेम असेल तर बहुतेक पॉलिसींत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. वर्षाच्या मध्येच नाव घालू देत नसतील तर नूतनीकरणाची तारीख विचारा आणि त्या आठवड्यात एचआरच्या टेबलाशी हजर राहा.

महात्मा फुले आणि आयुष्मान : मोठ्या खर्चाचा आधार

महाराष्ट्रात १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रेशनकार्डाचा रंग न पाहता सगळ्या कुटुंबांना खुली आहे. आयुष्मान भारतसोबत ती एकत्र चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पांढरं कार्ड असलेले कित्येक जण अजून समजतात की ही योजना आपली नाही. जुन्या आजारासाठी थांबावंही लागत नाही.

आधी रेशनकार्ड पाहा. रुग्णाचं नाव त्यात आहे का, आधारवरचं नाव आणि तिथलं नाव जुळतं का, बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आला आहे का. आमच्या कार्डावर दादाच्या नावात वडिलांचं नाव चुकीचं छापलेलं होतं आणि ते आम्हाला रुग्णालयात असताना कळलं. ही दुरुस्ती घरी सगळे बरे असताना करून घ्या. मग आपले सरकार सेवा केंद्रावर ई-केवायसी करून आयुष्मान कार्ड काढा. जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे आणि तिथे कोणत्या उपचारासाठी आहे, हे १५५३८८ वर विचारून लिहून ठेवा. रुग्णालय योजनेत असलं तरी तिथे प्रत्येक विभाग योजनेत असेलच असं नाही. दाखल होताना आधी आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीच्या, टेबलावर जा, मग बिलाच्या काउंटरवर. पैसे भरून झाल्यावर योजना लावून घेणं फार कठीण जातं.

या योजनेत ठरावीक यादीतले, दाखल होऊन घ्यायचे उपचार येतात. महिन्याच्या गोळ्या, ओपीडी, रोजची फिजिओथेरपी यात बसत नाही. अपंगत्व आलेल्या माणसाचा खरा चालू खर्च तोच असतो. त्यासाठी जनऔषधी दुकान आणि सरकारी रुग्णालयातला फिजिओथेरपी विभाग यांवर अवलंबून राहावं लागतं. शिवाय नोकरी गेल्यावर उत्पन्न घटलेलं असतं, म्हणून तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा नवा दाखला काढा. त्यावर धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटांचा हक्क सांगता येतो. निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीच्या दरात ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

गोव्यात राहत असाल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना पाहा. किमान पाच वर्षांच्या रहिवाशांसाठी ती आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना आहे. तिच्यात १ लाखापर्यंत कव्हर, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि ओपीडी व थेरपीचाही समावेश आहे. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. फक्त हाताचं किंवा पायाचं अपंगत्व असेल तर ही योजना लागू होत नाही.

स्वतःची पॉलिसी घेताना

पूर्वी 'अर्धांगवायू' हा शब्द ऐकला की एजंट फोन ठेवायचे. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिव्यांगांना विमा नाकारण्याच्या प्रश्नात लक्ष घातलं आणि विमा नियामकाला पावलं उचलायला लावली. त्यानंतर २७ फेब्रुवारी २०२३ च्या परिपत्रकाने या नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांग, एचआयव्हीग्रस्त आणि मानसिक आजार असलेल्यांसाठी पॉलिसी उपलब्ध करून द्यायला सांगितलं. नमुना पॉलिसीत विमा रक्कम ४ किंवा ५ लाख असते आणि ती एकेका व्यक्तीसाठी असते. एजंटला बहुधा हे माहीत नसतं, कमिशनही त्याला विशेष मिळत नसावं. कंपनीच्या वेबसाइटवर दिव्यांगांसाठीची पॉलिसी शोधा, तिची माहितीपुस्तिका उतरवा आणि नावानिशी मागा.

निवड करताना मी तीन गोष्टी पाहिल्या. असलेल्या अपंगत्वाशी संबंधित उपचाराला किती महिने थांबायचं, बिलातला किती टक्के वाटा आपण भरायचा, आणि घराजवळचं रुग्णालय कॅशलेस यादीत आहे का. प्रीमियम मी सगळ्यात शेवटी पाहिला. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे, म्हणून जुनी कोटेशनं बाजूला ठेवा.

माझा आग्रह आहे की संपूर्ण घराची एकच फ्लोटर पॉलिसी मागू नका. दादासाठी वेगळी आणि वहिनी व मुलांसाठी वेगळी घ्या. एकत्र अर्ज केला की एका माणसाच्या आजारामुळे चौघांचा अर्ज अडकतो. आम्ही दोन महिने त्यात घालवले, आणि त्या दोन महिन्यांत घरात कोणाकडेच विमा नव्हता.

अर्जात जुन्या आजारांचा रकाना असतो. एजंट म्हणेल, 'साहेब, झटक्याचं नको लिहायला, फक्त बीपी लिहा.' ऐकू नका. झटक्याची तारीख, रुग्णालय, चालू गोळ्या, दिव्यांगत्वाची टक्केवारी, सगळं लिहा आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडा. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पण ती पाच वर्षं काढायची असतात, आणि पहिलाच दावा त्या रकान्यावर अडतो. अर्ज ऑनलाइन भरला असेल तर ओटीपी देण्याआधी एजंटने काय भरलं ते स्वतः वाचा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते, त्या दिवसांत तिच्यातली नोंद तपासा.

मानसिक आजारामुळे नोकरी सुटली असेल तर लक्षात ठेवा, मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ प्रमाणे विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं आहे. लाजून आजार लपवू नका.

नूतनीकरण एकदाही चुकवू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, तरी तिच्यावर विसंबू नका. दावा केला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही.

नाही म्हणाले तर

फोनवरचा नकार धरू नका. कारणासह लेखी मागा. ते पत्र घेऊन आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार करा. दिव्यांग म्हणून पॉलिसीच नाकारली असेल तर पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडेही लिहिता येतं. पॉलिसी आहे पण दावा फेटाळला असेल तर विमा लोकपालाकडे, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनीतले वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे तक्रार करून महिनाभर वाट पाहावी लागते आणि नकारानंतर एका वर्षाच्या आत यावं लागतं. अर्ज साध्या मराठीत लिहा. तारखांचा क्रम पहिल्या पानावर, पॉलिसीची प्रत, नकाराचं पत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागे लावलेली. सुनावणीला रुग्णाला आणणं शक्य नसेल तर तसं आधीच कळवा.